दोन पाण्यांचा एक पंप

४ मार्च १९४४

आज विहिरीचं तोंड बंद झालं. फरशा टाकल्या, सांध्यांत सिमेंट भरलं आणि मधोमध एक नळ वर आला, आणि पंप बसेपर्यंत पोहरा सोडायला शेजारी एक भोक तेवढं ठेवलं. साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले होते, उघड्या विहिरीत पटकी उतरते. पोहऱ्याला, दोराला, भरणारीच्या हाताला लागून. ते खरंच असणार. पण गडी निघून गेल्यावर मी तिथं सवयीनं वाकले तर खाली फरशीच. आजवर वाकून पाहिलं की पाणी दिसायचं. किती आहे, गढूळ आहे का, पान पडलंय का. आता आत काय चाललंय ते कुणालाच दिसणार नाही, आणि तेच पाणी पोरी पिणार.

कुणाजवळ बोलता येत नाही म्हणून लिहिते. वसतिगृहात मी सगळ्यांची आक्का. आक्का घाबरलीय असं एकीला कळलं की जेवणाच्या घंटेपर्यंत सगळ्या रडत बसतील. सगळ्यांचे बाप लढाईवर आहेत. रडायला त्यांना निमित्त लागत नाही.

६ मार्च

इंजिन आलं. लालासाहेब स्वतः गाडीबरोबर चालत आले. ते आमच्या कमिटीचे अध्यक्ष, मागच्या लढाईतले सुभेदार. डावा कान तोफेनं नेला, त्यामुळे ते ओरडून बोलतात आणि आपल्यालाही ओरडावं लागतं. फिटर गुंडा साताऱ्याचा. खडकीच्या लष्करी कारखान्यात होता. मधेच एखादा इंग्रजी शब्द टाकतो आणि आपल्या तोंडाकडे बघतो, कळला का म्हणून.

त्यानं अंगणात काडीनं रेघा ओढून समजावलं. पंप एकच. त्याला दोन नळ, एक विहिरीत उतरलेला, एक मागच्या काठावरून नदीत. विहिरीचं पाणी स्वयंपाकघराच्या टाकीत, पिण्याला. नदीचं न्हाणीघराच्या टाकीत, आंघोळीला आणि धुण्याला. उन्हाळ्यात एवढ्या पोरींच्या आंघोळी विहिरीला झेपणार नाहीत. पाणी बदलायचं म्हणजे मधली चावी फिरवायची.

"आणि चावी फिरवायची राहिली तर?" मी विचारलं.

"तर इंजान थांबलं की नळातलं नदीचं पानी खाली यील. हिरीत."

माझं तोंड बघून तो घाईनं म्हणाला, "म्हनून तर तळाला फुटवॉल बसवायचा, आक्का. नॉन-रिटर्न. वर जाऊ देतो, परत येऊ देत न्हाई. माझ्या मेव्हण्यागत. पहार न्हेली की न्हेली."

फुटव्हॉल्व दोन तऱ्हेचे असतात म्हणे. एकात चामड्याची झडप असते, पाणी ओढलं की उघडते, थांबलं की बसते. दुसऱ्यात पितळेची भरीव गोळी. ती उचलली जाते आणि परत आपल्या बैठकीवर पडते. कुठला घ्यायचा, असं मी लालासाहेबांना ओरडून विचारलं.

"पोरी तुमच्या हाताखाली हायती, शालूबाई. तुमी ठरवा. मी जलमभर बंदुका बगितल्या, वॉल न्हाई."

स्वयंपाकघराच्या दारातून बनुबाईंनी हे सगळं ऐकलं. आमच्या स्वयंपाकीणबाई, गळ्यात माळ, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठ्या. भाच्याच्या घरी साताऱ्यात नळ आहे, पण त्याच्या तोटीत चामड्याची चकती असते म्हणून तिथं गेल्या की थेंबभर पाणी पीत नाहीत, घसा कोरडा घेऊन परत येतात.

"चामडं नगं बरं का बाई," त्या एवढंच म्हणाल्या.

मी "बघू" म्हणाले.

९ मार्च

नवी मुलगी आली. हरणा. माणदेशातली, सातआठ वर्षांची. बाप बिराप्पा रजा संपवून पलटणीत परत चाललाय, आई नाही. मेंढरं चुलत्याकडे सोपवली आणि पोर माझ्याकडे.

"तिकडं पान्याला कोसभर जावं लागतंय," तो खाली बघत म्हणाला. "हितं नदी हाय, हीर हाय. पान्यापाशी ठिवावी म्हनलं. तुमच्या पदरात घातली."

तो गेल्यावर हरणा रडली नाही. रांजणापाशी जाऊन बसली आणि तांब्यामागून तांब्या पाणी प्याली. मोठ्या पोरी हसल्या. "ए, फुटशील की गं," एक म्हणाली. हरणा म्हणाली, "कुनी वरडत न्हाई म्हनून पेते."

मला हसू आलं नाही. ही पोर सगळ्यांत जास्त पाणी पिणार, एवढंच डोक्यात राहिलं.

१२ मार्च

सांगलीला जाऊन आले. गुंडा बरोबर होता. सातारा रोडला गाडी धरली आणि दिवसभर पोटात काही नाही, भीतीनंच.

लढाईमुळे नवा माल मिळत नाही. पेठेतल्या एका लोखंडी सामानाच्या दुकानात दोन व्हॉल्व होते, दोन्ही कुठल्या तरी मळ्यावरून मोडीत आलेले पण धड. दुकानदार म्हातारा, बाळासो नावाचा, मिरजेच्या पलीकडचा. बोलताना मधेच कानडी शब्द पेरायचा. त्यानं दोन्ही व्हॉल्व फळीवर मांडले. गोळीचा हातात घेतला तर जड, गार, हलवला की आत गोळी फिरते. मला आवडला. गुंडालाही तोच हवा होता. "चामडं कुजतंय, आक्का. ह्यो तुमच्या नातवंडांपत्तुर टिकंल."

दोन्हींत वरून पाणी ओतून दाखवलं. दोन्हींतून थेंब खाली आला नाही.

मग मी रस्त्यावरची चिमूटभर वाळू आणायला सांगितली. गुंडाला ते बरं वाटलं नाही. पण आमच्या विहिरीचा तळ रेताड आहे, हे मला माहीत आहे. दरवर्षी गाळ काढताना मी काठावर असते. वाळू टाकून परत पाणी ओतलं. चामड्याच्या झडपेनं कण आपल्या अंगात दाबून घेतला आणि ती बसली. गोळी मात्र एका कणावर अडली. खालून थेंब. मग आणखी एक. दुकानदारानं व्हॉल्व झटकला, कण निघाला, थेंब थांबले.

"दर टायमाला अडकंल असं न्हाई," गुंडा म्हणाला.

"एकदा अडकला तरी?"

त्यानं गोळीचा व्हॉल्व फळीवर परत ठेवला. बाळासो म्हणाले, "अक्काव्रू बरोबर बोलल्या. चामडं घ्या. वर्षानं बदला, झालं."

मी चामड्याचा घेतला. परतीच्या गाडीत कऱ्हाड गेल्यावर बनुबाई आठवल्या. आठवल्या म्हणणं खोटं होईल. थेंब पडताना पाहिला तेव्हाही त्या मनात होत्या, पण मी त्यांना मागं सारलं. शेवटी ठरवलं की सांगायचंच नाही. व्हॉल्व विहिरीच्या तळाला, विहिरीवर फरशी; कोण बघायला जातंय. आणि मोट कशाची असते? सगळा सातारा जिल्हा चामड्याच्या मोटेवर जगतो. पोरींच्या जिवापुढं एका बाईची समजूत किती धरायची?

हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की स्टेशन आलेलं कळलं नाही.

१५ मार्च

व्हॉल्व बसला. सकाळी गुंडानं बनुबाईंकडून वाटीभर एरंडेल मागून आणलं आणि झडप त्यात भिजत घातली, म्हणजे ती मऊ राहते. दुपारी नळाला व्हॉल्व जोडून, फरशीतल्या भोकातून सगळं खाली सोडलं. इंजिन सुरू झालं तेव्हा पोरींनी कानांवर हात ठेवले. पाणी आलं. मी टाकीपाशी उभी राहून पहिली ओंजळ प्याले. काही वेगळं लागलं नाही. तरी संध्याकाळपर्यंत पोटाकडे लक्ष होतं.

बनुबाई दिवसभर बोलल्या नाहीत. गुडघे दुखत असतील.

१८ मार्च

चार रात्री नीट झोपले नव्हते, काल झोपले. गुंडा रोज सायकलवरून येतो, पंप मारतो, चावी फिरवतो. मी त्याच्यामागं उभी राहते. तो म्हणतो, "आक्का, मी काय चोर हाय व्हय?" पण रागावत नाही.

बनुबाईंनी नवं व्रत धरलंय. पहाटे नदीवर आंघोळीला जातात, ओल्या लुगड्यानं येतात, येताना देवासाठी घागर भरून आणतात. त्यांच्या गुडघ्यांना तो उतार झेपत नाही. मी म्हणाले, न्हाणीघरात आंघोळ करा की. "नगं बाई, आसू द्या," म्हणाल्या. हल्ली माझ्या डोळ्यांत बघून बोलत नाहीत. म्हातारपणी माणूस आतल्या आत राहायला लागतं, माझी सासूही शेवटी शेवटी अशीच झाली होती.

स्वयंपाकघराची टाकी वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त पुरते. व्हॉल्व पाणी धरून ठेवतोय, म्हणूनच. चामडं घेतलं ते बरं केलं.

२१ मार्च

टाकी भरलेली. सगळ्या पोरी धड. हरणाच्या गालांवर जरा मांस आलंय. बनुबाई तिला स्वतःच्या हातानं पाणी देतात. "माझी तान्हेली," म्हणतात.

इतकं सगळं नीट चाललंय याचीच भीती वाटते.

२४ मार्च

उद्या पाडवा. सकाळी लालासाहेब आले ते बसले नाहीत. नदीच्या वरच्या अंगाला, दोन गावं सोडून, पटकी लागलीय. काल एकाच घरातले तिघे गेले. लोक कपडे नदीतच धुतात, आणखीही काय काय नदीतच करतात. डॉक्टरांकडे पटकीच्या लसीच्या सुया नाहीत. पुण्याहून यायच्या आहेत, पण आधी पलटणींना.

पोरींना ओळीत उभं करून सांगितलं: नदीत उतरायचं नाही. आंघोळीच्या पाण्याची एक चूळही भरायची नाही. तोंड मिटून आंघोळ करायची. हरणानं लगेच ओठ आत ओढून घेतले आणि दिवसभर तशीच हिंडली.

बनुबाईंना वेगळं सांगितलं. "तुम्हीसुद्धा नदीवर जाऊ नका आता."

"कृष्णामाईला रोग न्हाई लागत, बाई. मानसाला लागतो."

"तरी नका जाऊ."

"व्हय," म्हणाल्या.

विहिरीत जंतू मारायचं लाल औषध जास्त टाकायला सांगितलं. गुंडाला दोनदा विचारलं, नदीच्या बाजूनं चावी बंद आहे का. तिसऱ्यांदा जाऊन स्वतः हात लावून पाहिली.

२६ मार्च

सगळं नीट आहे असं लिहायला बसले आणि हात थांबला. काय नीट आहे? मला दिसतं काय? फरशी दिसते, नळ दिसतो. खाली त्या काळोखात चामड्याचा एक तुकडा आहे आणि सगळ्या पोरी त्याच्यावर आहेत. तो दुमडला असेल तर? गुंडा म्हणाला तसं कुजायला लागला असेल तर? दुपारी पोरी शाळेत गेल्यावर मी फरशीला कान लावून पडले. काही ऐकू आलं नाही. उठताना पाहिलं तर बनुबाई दारातून बघत होत्या. त्यांनी मान वळवली.

गुंडा जाताना म्हणाला, "सैपाकघराची टाकी उतरतच न्हाई, आक्का. आज काय भरली न्हाई." चला, तेवढंच इंजिनाचं तेल वाचलं.

२८ मार्च

हरणा.

पहाटेपासून उलट्या आणि जुलाब. तांदळाच्या धुवणासारखं पाणी. दिवस उजाडेपर्यंत डोळे खोल गेले, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतली. "पानी" एवढंच म्हणते. आणि मला पाणी द्यायची भीती वाटते. ज्यानं हे झालं तेच मी देणार का? तरी दिलं. उलटून पडलं.

लालासाहेबांनी टांगा पाठवला. मी तिला मांडीवर घेऊन साताऱ्याच्या दवाखान्यात नेलं. पायाच्या शिरेतून मिठाचं पाणी घालायला लागले. डॉक्टर मला म्हणाले, "काय पाणी पिते ही?" मी म्हणाले, "विहिरीचं. बंद विहिरीचं." त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मग व्हॉल्व. माझा व्हॉल्व. मी निवडलेला.

आज बापांना महिन्याची कार्डं पाठवायचा दिवस. मोठ्या पोरींनी ती लिहून ठेवली आहेत, खाली मी सही करायची. बिराप्पाचं कार्ड कोरं आहे. "पान्यापाशी ठिवावी म्हनलं." त्याला मी काय कळवू?

२९ मार्च

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

पहाटे दवाखान्यातून परत आले. हरणा आहे. डॉक्टर एवढंच म्हणाले, आहे. आणखी दोघींना रात्री जुलाब झाले, पण त्या उठून बसल्या आहेत. सगळ्यांसाठी उकळलेलं पाणी, असं ओरडूनच मी आत आले. गुंडाला निरोप धाडला की नळ वर काढ.

तो आणि दोन गडी, असा सगळा नळ ओढून काढला. अंगणात आडवा टाकला. मी त्याच्यापाशी खाली बसले. गुंडानं व्हॉल्व खोलला, पुसला आणि माझ्यापुढं केला.

"बोट फिरवा, आक्का."

चामडं काठाला घट्ट बसलेलं. एक घडी नाही, एक चीर नाही. वर पाणी ओतलं, खाली कोरडं. परत ओतलं. कोरडं.

"वॉल चोख हाय," गुंडा म्हणाला. "आनि टाकी बी काठोकाठ हाय. तीन दिस झालं, मी पंप मारला न्हाई त्या टाकीला. उतरंल तवा भरू म्हनलं."

एवढ्या पोरी, तीन दिवस. रोजचा स्वयंपाक, रोजचा रांजण.

"मग पोरी पितात काय?" मी विचारलं.

बनुबाई दारात उभ्या होत्या. पदर ओला, काखेत घागर.

"बनुबाई, रांजण कशानं भरता?"

"नदीनं." त्यांनी घागर खाली ठेवली. लपवायचं काही नाही अशा आवाजात बोलत होत्या.

"कधीपासून?"

"चामडं घातलंसा तवापास्नं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यानंच की. एरंडेल मागाय आला. म्या इचारलं, कशाला रं? तर म्हनला, चामडं मऊ कराया."

गुंडा म्हणाला, "आता इचारलं म्हनून सांगितलं. मला काय ठावं?"

मी त्यांना म्हणाले, मला वाटतं ओरडलेच, "बनुबाई, मला का नाही सांगितलंत?"

"तुमी मला सांगितलं व्हतं?"

मी व्हॉल्व बाजूला सारला.

मग त्या तिथंच पायरीवर बसल्या आणि बोलायला लागल्या, माझ्याशी नाही, घागरीशी. "ह्यांची बापं लडाईत हायती. मी रोज सांजच्याला एकेकाचं नाव घिऊन द्येवाफुडं हात जोडते. पोरींच्या तोंडात चामड्याचं पानी घालून मी कशी हात जोडू? त्यातनं एकाचं काय झालं, तर म्या काय म्हनू? मलाबी भ्या वाटतं की, बाई."

"मोट चामड्याचीच असते ना हो," मी म्हणाले. आता त्याचा काय उपयोग होता.

"मोटंचं पानी उसाला. द्येवाला न्हाई. पोरीला न्हाई."

तेच पाणी त्याही पीत होत्या, पहिल्या दिवसापासून. दोन्ही गुडघे धरून तो उतार रोज चढत होत्या, एकेक घागर, रांजण भरेपर्यंत. मी रोज बघत होते. ओलं लुगडं बघितलं, देवाची घागर बघितली, भरलेली टाकी बघितली, आणि कान मात्र फरशीला लावला.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "हरना?"

"आहे."

त्यांनी पदरानं तोंड झाकलं.

३१ मार्च

बनुबाई दवाखान्यात हरणापाशी बसतात. परिचारिका त्यांना हाकलतात, त्या व्हरांड्यात जातात, परत येतात. मी सकाळी स्वयंपाक करते आणि दुपारी जाते.

आज हरणानं डोळे उघडले, पण कुणाला ओळखलं असं वाटलं नाही. तिचा हात हातात घेतला तर वजनच लागलं नाही.

बाहेर व्हरांड्यात आम्ही दोघी बसलो. मी म्हणाले, घरी गेल्यावर सगळं उकळून द्यायचं.

"उकळल्यावर चामडं जातंय का?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही, बनुबाई. तुम्हीच सांगा."

"जात नसंल. पन आदी रोग जाऊ द्या."

पण मला माहीत आहे, सरपण इतकं नाही. लढाईत लाकूडही मिळत नाही. आठ दिवस उकळू, पंधरा दिवस उकळू. मग एका सकाळी रांजणात काय असेल ते परत कुणाला कळणार नाही. मी काय रोज काठावर पहारा ठेवू?

३ एप्रिल

लालासाहेबांना सांगितलं, व्हॉल्व बदलायचा. गोळीचा आणायचा.

"चांगला हाय त्यो काढून? का?"

"बनुबाईंसाठी."

"कुनासाठी?" त्यांनी उजवा कान पुढं केला.

"बनुबाईंसाठी."

"एका सैपाकिनीपायी वॉल बदलायचा?"

"पाणी त्या भरतात, लालासाहेब." हे मला दोनदा ओरडावं लागलं, त्यामुळे ते स्वयंपाकघरापर्यंत गेलं. तिथं भांड्यांचा आवाज थांबला.

"आनि वाळू अडकंल त्याचं काय? तुमीच सांगितलं व्हतं मला."

"अडकेल. त्याची भीती आहेच."

त्यांनी मिशीवर हात फिरवला. मग गुंडाला म्हणाले, "उद्या जा सांगलीला."

६ एप्रिल

गोळीचा व्हॉल्व आला. बाळासोंनी आमचा चामड्याचा परत ठेवून घेतला आणि निरोप धाडला, कण अडकू नये म्हणून खाली बारीक पितळी जाळी लावा. गुंडानं ती दुहेरी गुंडाळली. तरी एखादा कण जाईलच, हे त्यालाही कळतं आणि मलाही.

यावेळी मी बनुबाईंना हाक मारली. "या, बघा. बसवायच्या आधी बघा." त्या आल्या. व्हॉल्व उलटासुलटा केला, आत बोट घातलं, वास घेतला. मग म्हणाल्या, "गोळी काढ रं बाहीर." गुंडानं काढून दिली. त्यांनी ती चिंचेनं घासली, राखेनं घासली, पाण्यानं धुतली, आणि ती सोन्यासारखी झाली तेव्हा तळहातावर धरून बघत राहिल्या.

"शाळिग्रामासारखी हाय," म्हणाल्या.

"पन्नास वर्सं पडून पडून झिजायची न्हाई," गुंडा म्हणाला.

"तू गप. तुझं त्वांड झिजलं असतं तर बरं झालं असतं."

तो हसला. या आठ दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

नळ खाली सोडला. दोनदा पंप मारून विहीर उपसली, औषध टाकलं, परत उपसली. इंजिन थांबलं तेव्हा नळातून एक आवाज वर आला. टक्. गोळी बैठकीवर पडल्याचा. चामड्याला आवाजच नव्हता.

"आयकलं?" बनुबाई म्हणाल्या.

पहिला तांब्या त्यांनी घेतला. आधी तुळशीला, मग स्वतः.

१० एप्रिल

दुपारी मी पोरींच्या वेण्या घालत होते. बनुबाई पळत आल्या. त्यांना पळताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"आक्का, वाजलं न्हाई."

त्या मला बाई म्हणतात. आज आक्का म्हणाल्या.

गुंडा चावी फिरवायला निघाला होता. त्याला तिथंच थांबवलं. इंजिन परत सुरू केलं, भरपूर पाणी ओढू दिलं, बंद केलं. आम्ही तिघं नळाभोवती उभे. काही नाही. गुंडानं नळावर हातोडीनं दोन ठोके दिले, परत सुरू केलं, परत बंद.

टक्.

स्वयंपाकघराची टाकी ओतून टाकली, विहिरीत औषध टाकलं. गुंडा म्हणाला, "एवढ्यात काय व्हतंय, आक्का?" बनुबाई त्याच्यावर असं काही खेकसल्या की तो सायकल घेऊनच गेला. त्या रोज इंजिन थांबायच्या वेळी पोळपाट सोडून नळापाशी येऊन उभ्या राहतात, हे मला आज कळलं.

१४ एप्रिल

हरणा घरी आली. लालासाहेबांच्या टांग्यातून, चादरीत गुंडाळून. केस गळलेत, मान धरत नाही, पण डोळे तेच. पोरींनी दारात गर्दी केली, मी त्यांना मागं हटवलं. बिराप्पाचं कार्ड अजून कोरं आहे. ती स्वतः चालेल तेव्हा लिहीन, असं ठरवलंय.

स्वयंपाकघरात भिंतीला टेकून तिला बसवलं. बनुबाईंनी मऊ भात कालवला. तिनं चार घास खाल्ले आणि म्हणाली, "पानी."

रांजण दोन हातांवर होता. सकाळीच भरलेला, नळाच्या पाण्यानं. भरताना मी होते, बनुबाई होत्या, गोळी वाजलेली आम्ही दोघींनी ऐकली होती. मला सगळं माहीत होतं. तरी माझा हात तांब्याकडे गेला नाही. मी बनुबाईंकडे पाहिलं. त्या भाताच्या हातानं तशाच बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. कुणीच उठलं नाही.

हरणानं आमच्याकडे पाहिलं. एकदा माझ्याकडे, एकदा बनुबाईंकडे. मग भिंतीला धरून उठली, रांजणापर्यंत गेली, तांब्या बुडवला आणि तिथंच उभ्यानं प्याली. घोटाघोटाला तिचा गळा हलताना दिसत होता.

मग तिनं तांब्या परत बुडवला.